धाकट्याचं नाक

१६ मार्च

भावजी,

नमस्कार. फोनवर तुमच्याशी बोलणं मला अजून जमत नाही. तुम्ही "वहिनी, बऱ्या आहात ना?" एवढं विचारलंत की मी विषय बदलते आणि मग आपण दोघं हवापाण्यावर बोलत बसतो. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं.

लाँड्री परत सुरू केली आहे. गिऱ्हाइकं कपडे देताना आवाज खाली आणतात, जणू मीच आजारी आहे. आणतील चार दिवस, मग आपोआप ओरडायला लागतील.

हे गेल्यानंतर काल पहिल्यांदा मागच्या खोलीत नीट जाऊन बसले. टेबलावर लिफ्टच्या दाराची उघडून ठेवलेली मोटर तशीच आहे. तिचं काय करायचं ते त्यांच्या कंपनीतल्या कोणालातरी विचारीन. कपाटात मात्र चार बाटल्या निघाल्या. एकीवर हिरवी चिठ्ठी आहे, एकीच्या बुचावर लाल मेण, एक बुटकी आणि एक चौकोनी. चारही अर्ध्याअधिक भरलेल्या. चारहीवर 'राय' लिहिलंय. खरं सांगते, हसू नका, इतकी वर्षं मी ते 'राई' समजत होते. मला वाटायचं मोहरीची काहीतरी भयंकर दारू हे दोघे भाऊ पितात, म्हणूनच दर रविवारी एवढे भडकतात.

कारण तुमची ती फोनवरची भांडणं अख्ख्या घराला ऐकू यायची. हे इकडे ग्लास घेऊन बसणार, तुम्ही तिकडे, बाटली दोघांकडे तीच, आणि मग "अरे गाढवा, ती लवंग नाही, मिरी आहे!" मी एकदा आत जाऊन म्हटलं, मलाही द्या की चमचाभर. तर म्हणाले, "तुला नाही कळायचं," आणि दार लोटून घेतलं. प्रेमानंच म्हणाले, पण लोटलं.

आता मला कळून घ्यायचंय. ती दारू नुसती पिऊन संपवायची नाही, फेकायचीही नाही. तुम्ही शिकवा. कशी चाखायची, एकीची दुसरीशी तुलना कशी करायची, सगळं.

आणखी एक विचारू? शेवटचं वर्षभर तुमचं भांडण ऐकू आलं नाही. फोन व्हायचा, पण पाच मिनिटांत संपायचा. तुम्हा दोघांत काही बिनसलं होतं का?

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

पत्रावर आधी 'सौ.' लिहिलं, मग हात थांबला. नवा कोरा कागद घेतला आहे.

मोहरीच्या दारूवर मी खूप हसलो. दादाला हे कळलं असतं तर त्यानं जन्मभर तुमचा पिच्छा सोडला नसता. राय हे धान्य आहे, गव्हाच्या नात्यातलं, पण अंगानं काटक. थंड मुलखात, नापीक जमिनीतही येतं. त्याचा पाव काळसर आणि आंबटसर होतो. आणि दारू केली की ती तिखट लागते. दुसऱ्या व्हिस्क्या पाहुण्यासारख्या गोड बोलून आत येतात, राय दार ढकलून येते, असं दादा म्हणायचा.

आता शिकवणी. ग्लास खाली पोटाचा आणि वर तोंडाशी निमुळता घ्या. नसेल तर लहान वाटी चालेल, स्टीलचा पेला नको. तळ झाकेल एवढीच ओता. लगेच नाक खुपसू नका, झोंबेल आणि मग अर्धा तास काही कळणार नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. मग एक घोट, जिभेवर फिरवून. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा, खरी गंमत तिथे असते. दुसऱ्या घोटाआधी पाण्याचे चार थेंब टाका. बंद पडलेलं काहीतरी उघडतं. एका बैठकीत दोनच बाटल्या, शेजारी शेजारी. मध्ये कोरडा पाव खा. आणि जे आठवेल ते म्हणा. चूक काही नसतं.

भांडणाचं म्हणाल तर बिनसलं वगैरे काही नाही. वय झालं, वहिनी. शिवाय दादाचंच बहुतेक बरोबर असायचं. किती दिवस वाद घालणार?

माझ्याकडच्या बाटल्या संपल्या. साबणाच्या कारखान्यात काम जोरात आहे. नव्या वडीचा वास ठरवायचाय आणि सगळे माझ्या नाकाकडे डोळे लावून बसलेत.

तुमचा
धाकटा


७ एप्रिल

भावजी,

पहिल्या दिवशी तुम्ही नको म्हणालात तेच केलं. खुपसलं नाक. डोळ्यांतून पाणी आलं आणि वाटलं, ह्यासाठी एवढा दंगा? बाटल्या ठेवून दिल्या.

या रविवारी परत बसले. मागच्या खोलीतच, ह्यांच्या खुर्चीवर. हिरव्या चिठ्ठीची आणि मेणाच्या बुचाची, अशा दोन घेतल्या. माझ्याकडे तुमच्यासारखे शब्द नाहीत, मी कपड्यांतली बाई. तेव्हा तसंच लिहिते.

हिरवीचा वास आधी ओल्या गवतासारखा आला, मग चक्क शेपूसारखा. मी शेपू उभ्या आयुष्यात आवडीनं खाल्लेला नाही आणि हा मात्र परत परत हुंगत राहिले. पाण्याचे थेंब टाकल्यावर पुदिना आला. गिळल्यावर घशात मिरी. आणि अगदी शेवटी, तोंड मिटून श्वास सोडला तेव्हा, सुती सदऱ्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की जसा वास येतो ना, करपायच्या आधीचा, तो.

मेणाच्या बुचाची मवाळ आहे. जळलेली साखर, लाकडाचं कपाट, त्यात ठेवलेला लोकरी कोट. तिखटपणा आहे, पण मागच्या दारानं येतो. मला वाटतं ह्यांना हिरवी जास्त आवडत असणार. बरोबर आहे का?

दोन घोटांनंतर मी खुर्चीत बसून मोठ्यांदा म्हणाले, "शेपू!" उत्तर द्यायला कोणी नव्हतं. म्हणून ठरवलं, तुम्ही उत्तर द्यायचं. औषधाच्या चार छोट्या बाटल्या उकळून घेतल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, चारही दारू थोडी थोडी भरून तुम्हाला पाठवते आहे. तशाच चार भरून माझ्यापाशी ठेवल्यात. तुमच्या संपल्या म्हणता, म्हणजे आता सबब नाही. चाखा आणि भांडा माझ्याशी. मी घाबरणार नाही.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

पार्सल मिळालं. एकही फुटली नाही. लाँड्रीतल्या चिंध्या कामी आल्या.

रविवारी बसलो. तुमच्या नाकाला सलाम. हिरवी म्हणजे शेपूच, वाद नाही. मलाही आधी शेपू आला, मग पुदिना, आणि सगळ्यात मागे मिरी. मेणाच्या बुचाची तुम्ही म्हणता तशीच, जळलेली साखर आणि लाकूड. मी म्हणेन थोडी दालचिनीही आहे. बुटकी जरा भडक, चौकोनी जुनी आणि शांत, सुक्या फळांसारखी. दादाला हिरवीच आवडायची, ओळखलंत.

पहिल्याच खेपेला एवढं कळणं साधी गोष्ट नाही. भांडायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.

तुमचा
धाकटा


२८ एप्रिल

भावजी,

तुमचं पत्र वाचून मी एवढी खूश झाले की संध्याकाळी माझ्याकडच्या त्या छोट्या बाटल्या काढल्या. तुमच्या दालचिनीचा शोध घ्यावा म्हटलं. 'मेण' लिहिलेली उघडली, तर शेपू. 'हिरवी' उघडली, तर जळलेली साखर.

मोठ्या बाटल्यांशी दोनदा ताडून पाहिलं. चूक माझीच. चिठ्ठ्या आधी चिकटवल्या आणि भरताना त्या दोघींची अदलाबदल केली. एकाच वेळी भरल्या, त्यामुळे तुमच्याकडेही उलट्याच आल्या असणार. म्हणजे तुमच्या 'हिरवी'त शेपूचा मागमूस नव्हता. आणि तुम्हाला मात्र आधी शेपू आला, मग पुदिना, मागे मिरी. मी लिहिलं होतं त्याच क्रमानं.

तुम्ही त्या बाटल्या उघडल्याही नाहीत, हो ना? माझं पत्र समोर ठेवलंत आणि त्यातलंच मला परत वाढलंत. वर नाकाला सलाम.

मी लहान मूल नाही, भावजी. नवरा गेलेल्या बाईची समजूत काढायची म्हणून हे केलं असेल, तर मला ती समजूत नको. "मला जमत नाही, वहिनी, दादाशिवाय नको वाटतं," असं एक वाक्य लिहिलं असतंत तर मला पुरलं असतं. ह्यांनी एकदा दार लोटलं, ते निदान माझ्यासमोर. तुम्ही मला आत बोलावलंत, बसवलंत आणि स्वतः मागच्या दारानं निघून गेलात.

ह्यांच्याशीही असंच केलंत का शेवटचं वर्ष? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वय झालं. तुम्हाला पन्नाशीही गाठायची आहे अजून.

बाटल्या ओतून टाका. परत पाठवायचा त्रास घेऊ नका.

वहिनी


२ जून

वहिनी,

महिना उलटला. तीन पत्रं लिहून फाडली. फोन करायला धीर झाला नाही.

बाटल्या मी उघडल्या होत्या. चारही. तुम्हाला शिकवलं होतं तसं शेजारी शेजारी ठेवून, ग्लास धुऊन, पाव घेऊन बसलो होतो. मला त्यांत काहीच आलं नाही. शेपू नाही, साखर नाही. चारही सारख्या. जिभेवर थोडं गोड, थोडं कडू, आणि नाकात व घशात नुसता चटका. चटका तेवढा कळतो.

मला वास येत नाही, वहिनी. कशाचाच.

दीड वर्षापूर्वी तो मोठा ताप आला होता, आठवतं? तेव्हा गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, येईल. अमुक महिन्यात येईल, तमुक महिन्यात येईल करत राहिलो. कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? मी वासावर पोट भरणारा माणूस. कारखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसतात, त्यांचं नाक चांगलं आहे. नमुना आला की मी तो आधी त्यांच्या हातात देतो आणि त्यांच्या कपाळाकडे बघतो. आठी पडली की मी मान हलवतो, "जरा जड झालाय." सगळे म्हणतात, साहेबांची पारख अजून तशीच आहे.

दादाशीही हेच केलं. तो म्हणाला लवंग, की मी लवंग म्हणायचो. तो म्हणाला मिरी, की मिरी. भांडायला वास यावा लागतो हो. मग फोन लवकर ठेवायचो, पकडला जाऊ नये म्हणून. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्याकडच्या बाटल्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन त्याच्याशी बोलत राहिलो.

तुमची समजूत काढत नव्हतो. तुमचं पत्र वाचताना, शेपू, पुदिना, इस्त्रीखालचा सदरा, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी चाखतोय. म्हणून तेच लिहून पाठवलं.

धाकटा


८ जून

भावजी,

पत्र वाचून आधी दुकान बंद केलं. मग परत वाचलं.

महिनाभर मी तुमच्यावर धुसफुसत कपडे आपटले. ते जाऊ दे. आधी कामाचं विचारते. तुम्ही एकटे राहता. गॅस गळला तर तुम्हाला कसं कळतं? दूध नासलेलं कसं कळतं? मला खरं उत्तर हवंय, "काळजी करू नका" नको. आणि डॉक्टरला दाखवलंत का? माझा अंदाज, नाही.

आता एक गोष्ट. ती सांगू की नको, यात दोन दिवस गेले. तुम्ही एवढं लिहिलंत, मग मीही लपवणं बरं नाही.

ह्यांनी ते ओळखलं होतं. म्हणजे नाकाचं नाही, ते कसं ओळखणार? पण काहीतरी बिनसलंय हे ओळखलं होतं. एकदा फोन ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, "धाकटा भांडत नाही हल्ली." मी म्हटलं, शहाणे झाले असतील. तर म्हणाले, "नाही गं. परक्या माणसाशी बोलावं तसा हो ला हो करतो." त्यांना वाटत होतं, तुमच्या तापात ते यायला हवे होते आणि आले नाहीत. तेव्हा इकडे दोन इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या होत्या, सुट्टी मिळाली नव्हती. ते तुमच्या मनात राहिलं आणि म्हणून तुम्ही तुटलात, असं त्यांनी धरून ठेवलं. रागावले नव्हते ते. घाबरले होते.

म्हणून तर मागच्या थंडीत तुमच्याकडे आले. मला म्हणाले, "समोरासमोर विचारतो." परत आल्यावर मी विचारलं, बोललात का? तर म्हणाले, "बरा आहे तो," आणि विषय बदलला.

विचारलं होतं का त्यांनी?

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

तुमच्या पत्रातला तो भाग वाचून झाल्यावर बरेच दिवस ते घडी करून ठेवून दिलं होतं. आता लिहितो.

विचारलं नाही. दोन दिवस होता. आम्ही जेवलो, मॅच बघितली, त्यानं माझ्या इमारतीच्या लिफ्टला नावं ठेवली. राय आणली होती त्यानं बरोबर, मी पोट बिघडल्याची थाप मारली. निघताना जिन्यात थांबला. म्हणाला, "बरा आहेस ना तू?" मी म्हटलं, "हो." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. तो विचारत होता हे मला आज कळतंय. एक शब्द मी बोललो असतो तर तो तिथेच पायरीवर बसला असता आणि दीड तास त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. आणि हलका होऊन घरी गेला असता.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं की चटका, झोंबणं, गारवा हे वासाच्या नसेचं कामच नाही, ते वेगळ्या नसेचं. म्हणून रायचा तिखटपणा तेवढा मला कळतो. वास परत येईल का, हे ते सांगू शकत नाहीत. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा कुप्या दिल्यात. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, आणि हुंगताना तो वास आठवायचा. मी पाण्यासारख्या कुप्या नाकाशी धरून बसतो.

गॅसचं खरं उत्तर: एकदा शेगडी विझली होती आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. आता विजेची शेगडी घेतली आहे.

कारखान्यात सांगून टाकलं. मालकांनी शेजारच्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही माझ्या कपाळाकडे बघता म्हणून मी आठ्या जरा ठळक घालत होते." माझी जागा आता त्यांची. मला मालाच्या नोंदीचं काम दिलंय. पगार कमी आहे, झोप बरी लागते.

या पत्राबरोबर एक पिशवी पाठवतो आहे. त्या थंडीतल्या भेटीत दादा त्याचा राखाडी मफलर माझ्या दारामागच्या खुंटीवर विसरला होता. परत पाठवावा म्हणून तेव्हाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटवून ठेवलं, आणि मग ज्याला पाठवायचा तो माणूसच राहिला नाही. तो गेल्यावर मी एकदा पिशवी उघडली, तोंड आत घातलं, आणि परत बंद केली. लोकर गालाला लागली, बाकी काही नाही.

तुम्ही उघडून बघा. त्याचा वास आहे का, एवढं सांगा. नसेल तर नाही म्हणा. यावेळी मला खरं हवंय.

धाकटा


२३ जुलै

भावजी,

पिशवी परवा आली. दुकानात गर्दी होती, म्हणून काउंटरखाली ठेवली. घरी आणली तरी लगेच उघडली नाही.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. हे गेल्यावर घरात माणसं होती, सगळे म्हणत होते, तुम्ही बसा, काही करू नका. मला बसवेना. आयुष्यभर हातांना एकच काम माहीत. मी ह्यांचे सगळे कपडे काढले आणि धुतले. शर्ट, पँटी, स्वेटर, कामाचा डगला, उशीचे अभ्रे, अंगावरची चादर. दुकानातली चांगली पावडर वापरली. इस्त्री करून, घड्या घालून कपाटात लावले. पंधरा दिवसांनी एकदा शर्ट काढून तोंडाशी धरला तेव्हा कळलं मी काय केलंय ते. अख्ख्या घरात ह्यांचा वास कुठेच उरला नव्हता. माझ्याच हातानं घालवलेला.

बाटल्या चाखायला बसले, त्याचं खरं कारण हे आहे. रविवारी संध्याकाळी हे खोलीतून बाहेर येऊन माझ्याशेजारी बसायचे, तेव्हा जो वास यायचा, तो कशातून येतो हे मला शोधायचं होतं. हिरवीत थोडा सापडला. पण ती बाटली होती, माणूस नव्हता.

काल दुपारी दुकानाला सुट्टी होती. खिडक्या लावल्या आणि पिशवी उघडली.

आहे, भावजी.

तुम्ही खरं मागितलंत, म्हणून जसं आलं तसं लिहिते. वर वर प्लास्टिकचा वास आहे, तो लगेच जातो. मग लिफ्टचं ग्रीस, अगदी पुसट, मफलरच्या टोकांना, कारण ते टोकांनी हात पुसायचे आणि मी ओरडायचे. मधल्या भागाला, जिथे मान येते तिथे, मिरीसारखा कोरडा तिखट वास. त्याच्या खाली घाम. शिळा नाही, ऊन अंगावर घेऊन आलेल्या माणसाचा. एके ठिकाणी शेव्हिंगच्या साबणाचा. हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतंय, पण येताना ते एकदम आलं, जिना चढून दारात येऊन उभं राहावं तसं. मी "अहो" म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले.

किती वेळ बसले होते ठाऊक नाही. मग पिशवीचं तोंड नीट चिकटवलं.

मफलर मी परत पाठवणार नाही. तुमचं नाक अधू म्हणून तो पिशवीत राहिला, नाहीतर तुम्ही हुंगून हुंगून केव्हाच संपवला असता आणि मी तर धुऊन टाकला असता. तो माझ्याकडे राहील. पण मफलर तुमचाही आहे.

तेव्हा सुट्टी काढून या. ह्यांच्या खोलीत दोन खुर्च्या मांडते. मी पिशवी उघडीन, तुम्ही मफलर गळ्याभोवती घ्या, आणि मला काय काय येतंय ते मी तुम्हाला सांगत जाईन. तुम्ही हो ला हो करायचं नाही. "वहिनी, हे दादाचं नाही, तुम्ही काहीतरीच सांगताय," असं वाटलं तर तसं म्हणायचं. मला भांडण हवंय.

येताना त्या कुप्या आणा. सकाळ-संध्याकाळ चुकवायच्या नाहीत.

वहिनी